जिजींची मोटार वर आली का?

लग्नाला जाताना जिजी चपलांचे दोन जोड नेत, पायात चांगला आणि पिशवीत तुटका. कार्यालयाच्या दाराशी आल्या की चांगला जोड पिशवीत जायचा आणि तुटका पायरीपाशी चोरांच्या स्वाधीन व्हायचा. जेवणं उरकल्यावर निम्मं वऱ्हाड अनवाणी पायांनी चपला शोधत फिरायचं आणि जिजी आपला तुटका जोड जागच्या जागी बघून म्हणायच्या, "चोरालाबी पारख असती, बया."

जिजी माझ्या चुलत सासूबाई. मी शिरूरची, लग्न होऊन भीमा ओलांडून राहूला आले. तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला तो बिबट्याचा. "उसात शिरताना मोबाइलवर कीर्तन लाव, मोठ्यांदा. त्याची नि आपली अवचित गाठ पडाया नगं. दोघंबी दचकू." त्या स्वतः तसंच करत. उसातून टाळमृदंगाचा आवाज येऊ लागला की जिजी पाणी धरायला निघाल्या, हे आम्हाला घरात बसून कळायचं.

आमच्या गावाला 'आल्यावर बघू' म्हणायची फार हौस. जिजी त्याला लगेच पुस्ती जोडायच्या, "आल्यावर बघू म्हंजी आल्यावर रडू." माझे यजमान या बाबतीत अगदी अस्सल गावकरी. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी ते सिद्ध केलं.

आमच्याकडे डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि नदीला पूर येतो. पाऊस पडतो तिकडे घाटात, धरणं भरतात, पाणी सुटतं आणि भीमेच्या पात्रातल्या पाणी उपसायच्या मोटारी वाहून जातात. जिजींनी आपली मोटार आदल्या दिवशीच ओढून वर घेतली होती. आम्हालाही सांगितलं. "पाणी सोडल्याचा मेसेज आल्यावर काढू की," असं हे म्हणाले. मेसेज आला तेव्हा सगळ्या गावाला एकदमच ट्रॅक्टर आणि दोर हवा होता. आमची मोटार गेली. पुढे समोर नदी दुथडी आणि आमचा ऊस तहानलेला, असा तमाशा आम्ही बघत बसलो.

मी जिजींना विचारलं, "तुम्हाला आधी कळतं कसं?"

"मला का द्येव सांगतो? यमी सांगती."

यमी म्हणजे त्यांची धाकटी बहीण, भीमाशंकरच्या बाजूला दिलेली. पावसाळ्यात जिजी तिला रोज फोन करत आणि एकच गोष्ट विचारत, "लुगडी वाळली का गं?" लुगडी वाळेनाशी झाली की इकडे मोटार वर. हळूहळू सगळा काठ त्यांच्या मोटारीवर नजर ठेवू लागला. पारावर सकाळी चहाबरोबर चौकशी व्हायची, "जिजींची मोटार वर आली का?"

एका वर्षी अंदाज फसला. मोटार वर आली आणि पाणी काही सुटलं नाही. लोकांनी मनसोक्त चेष्टा केली. जिजीही हसल्या. "चुकलं तर चुकलं. हासू फुकाट मिळतं, मोटार न्हाई मिळत."

एकदा बचत गटाच्या बैठकीत तालुक्याहून आलेल्या बाईंनी जिजींच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. जिजींनी मला कोपरानं ढोसलं, "म्हंजी काय गं?" पुढचं दिसणं, असं मी सांगितलं. "म्होरलं कुणाला दिसतंया? मागलं इसरायचं न्हाई, यवढंच." मग काळजी आणि दूरदृष्टीत फरक काय, असं बाईंनी हौसेनं विचारलं. जिजी म्हणाल्या, "काळजीवाला रातभर जागतो. म्या काम उरकून घोरती." त्यांच्या घोरण्याला मीच साक्षीदार. आमची भिंत एक होती.

गेल्या उन्हाळ्यात थोड्याशा आजारपणाचं निमित्त होऊन जिजी गेल्या. भिंतीपलीकडचं घोरणं थांबलं आणि मला झोप येईना. त्यांची जमीन मुलानं वाट्यानं दिली. तो कोरेगाव भीमाला, कंपनीत. पाऊसकाळ आला तसे लोक काठावर घुटमळू लागले. आता कुणाच्या मोटारीकडे बघायचं? ह्यांनीही तोंड बारीक करून विचारलं, "आपण कवा काढायची?" मला काय ठाऊक! ही मोटार गेली तर दुसरी घेण्याची आमची ऐपत नव्हती.

श्रावणात एका सकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, मी अंगणात कपडे वाळत घालत होते.

"जिजीची सून का? म्या यमी मावशी. माझी लुगडी वाळंनात गं."

हातातली ओली साडी मी तशीच खांद्यावर टाकली.

"जिजी दवाखान्यात आसताना बोलली व्हती. ती पोर लाजाळू हाय, सोताहून फोन करायची न्हाई. तूच करत जा. तवा केला. आयकतीस ना?"

"व्हय मावशी," मी कशीबशी म्हणाले, आणि ओल्या साडीच्या पदरानंच डोळे पुसले.

दुपारपर्यंत आमची मोटार काठावर आली. ह्यांनी एकदाही 'आल्यावर बघू' म्हटलं नाही. ती बघून बाकीच्यांनी आपापले दोर काढले, आणि पारावर कुणीतरी नेहमीच्या सवयीनं ओरडलं, "अरं चला, जिजींची मोटार वर आली!"