शनिवारची पोटदुखी

राहीबाईंना कुणी काही विचारावं लागत नसे. सुनेला तिचं नाव विचारलं तरी सांगायच्या त्याच. क्रांतीने तोंड उघडायच्या आत "तिला न्हाई सांगता यायचं, मी सांगते" म्हणून सासूबाई सुरू.

त्या शनिवारी मलकापुरात मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे मात्र त्यांची पंचाईत झाली. नातू शंभूराजचं पोट दुखत होतं. तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हल्ली मी प्रत्येक मुलाच्या आईला घरातलं थोडं विचारते. भांडणं, मारहाण, कुणाची भीती. आजी, तुम्ही नातवाला घेऊन जरा बाहेर बसा."

"आमच्यात तसलं काय न्हाई," राहीबाईंनी उत्तर देऊनही टाकलं. तरी दार लागलंच.

बाहेर बाकावर त्यांच्या जिवाची नुसती घालमेल.

"मलाबी इचारलं," शेजारची बाई म्हणाली. "पोराला सर्दी झालीया, आन् ह्या इचारत्यात नवरा मारतो का!"

"त्येच की! गोळी द्यावी आन् मोकळं व्हावं," राहीबाई फणकारल्या. पण नजर बंद दारावरच होती. त्यांचा मुलगा जयराज साताऱ्याला कंपनीत होता. शनिवारी गावी यायचा आणि दारू पोटात गेली की कमरेचा पट्टा काढायचा. बायकोवर, पोरावर. क्रांतीने आत ते सांगितलं तर? भावकीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. त्या उठल्या, दाराला कान लावला आणि नर्सने बघितलं तशा पुन्हा येऊन बसल्या.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. शंभूराजने हौसेने बाहेर काढला, त्यावर बापाचा फोटो बघितला, आणि फोन आजीच्या मांडीवर टाकून पोट धरून वाकला.

"आज्जी, लय दुखतंय."

दर शनिवारीच दुखायचं. राहीबाईंना ते आज कळलं असं नाही, कधीचं ठाऊक होतं. स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला. फोन वाजून वाजून थांबला.

दार उघडलं. क्रांती सासूजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, काळजी करू नका. कोण मारत न्हाई म्हणून सांगितलंय."

हेच तर हवं होतं. पण राहीबाईंना हायसं वाटेना. एका हाताने नातवाला आणि दुसऱ्याने सुनेला धरून त्या तशाच आत शिरल्या.

"मॅडम, हिला न्हाई सांगता यायचं. मी सांगते."