भिंतीकडं तोंड केल्याली पाटी

चहाचं पातेलं किती बी घासा, त्याचा रंग काय जात न्हाई. आमच्या एजंट मंडळाचं किस्सं तसंच माझ्या डोक्यात रंग धरून बसल्यात. एक खरवडाया गेलं की खालनं दुसरा निघतो!

दुसरी मोठी लढाई चालली हुती तवाची गोष्ट. मुंबईच्या एका चहा कंपनीनं साताऱ्यापासनं सांगलीपतोर गावागावात एकेक एजंट नेमल्याला. म्या कऱ्हाडचा. कंपनी पत्र्याची पाटी द्यायची, दुकानावर टांगाया. पाटी हाय तवर एजन्सी. कंपनीच्या साहेबाची मर्जी फिरली आन् त्यानं पाटी काढून न्हेली, की धंदा खलास!

म्हनून आमी समद्यांनी मिळून मंडळ काढलं. बैठक सांगलीला, कृष्णेच्या घाटावर, दुपारची. नदी अशी हळू चालायची, वाटायचं ती बी ऐकाया थांबलीया. चहाच्या वाफंत एकमेकांची तोंडं इरघळल्यागत दिसायची. अध्यक्ष सांगलीचं तात्या. बैठक सुरू झाली की त्ये डोळं मिटायचं. जागं झालं की जे बोलतील त्यो ठराव!

*

मला कुठं वाचाया येत हुतं? पाटी टांगली उलटी. साहेब आला, वरडला, "अहो, पाटी उलटी आहे!"

म्या म्हनलं, "आवं, म्हनून तर लोक थांबत्यात. सुलटी असती तर बघिटलं असतं का कुनी?"

साहेब पाटी वाचत ऱ्हायला. त्याची मान बी वाकडीच हुती!

*

कंपनीचा हुकूम सुटला, चहा वतायच्या आधी कप गरम पाण्यानं धुवा. दुष्काळी माणचा एजंट बैठकीत रडकुंडीला आला. "आमच्याकडं प्यायाला पाणी न्हाई, कप कशानं धुवू? माझी पाटी जाईल की रं!"

तात्या जागं झालं. "कप गरम पायजे न्हवं? उन्हात ठेव." आन् परत झोपलं.

साहेब गेला माणला. कप उचलला आन् चटक्यासरशी सोडला! बोट चोखत म्हनला, "गरम आहे."

*

उंब्रजचा एजंट रसूलभाई. चहात आलं आन् गूळ घालायचा. वास असा सुटायचा, की झोपल्यालं माणूस चालत यिऊन त्याच्या बाकड्यावर बसायचं, मग जागं व्हायचं!

मंडळाचा कायदा हुता, एकानं दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचं न्हाई. म्या मुद्दाम तक्रार घातली, "ह्याचा वास वाऱ्यासंगं माझ्या हद्दीत येतो. बंदोबस्त करा!"

रसूलभाई साधा माणूस, खरंच घाबरला.

तात्यानं एक डोळा उघडला. "वाऱ्याला बोलवा. त्याचं बी ऐकाया पायजे."

आमी समदं वाऱ्याची वाट बघत बसलो. जरा वेळानं खरंच वारा आला.

*

पर त्यो गूळच रसूलभाईला नडला. लढाईत साखर बघाया मिळंना, आन् साहेब म्हनायचा साखरच पायजे. "गुळाचा चहा आमच्या कंपनीचा नव्हे!" असं म्हनून त्यानं स्क्रू काढलं, पाटी काखंत मारली आन् सांगलीची मोटार धरली. रसूलभाईचं समदं घर त्या पाटीवर चालायचं. त्यो भिंतीवरल्या मोकळ्या चौकोनाकडं बघत ऱ्हायला, मग त्याच मोटारीत मागच्या बाकावर जाऊन बसला. कऱ्हाडात म्या चढलो.

मंडळाचा ठराव हुता, एकाची पाटी निघाली की समद्यांनी आपली पाटी भिंतीकडं तोंड करून टांगायची, चहा बंद. फुडं गेल्याल्या मोटारीच्या डायवरानं गावोगाव निरोप दिल्याला.

लढाईत पेट्रोल मिळंना, म्हनून आमची मोटार कोळशावर चालायची. चढ आला की उतरून ढकलायची. उसाचं तुरं डुलत हुतं, मोटार डुलत हुती, आमी डुलत हुतो. साहेबाचं मातर चहाबिगर डोकं धरल्यालं. जिथं थांबावं तिथं पाटीची कोरी पाठ!

"एक कप चहा द्या हो!"

"एजन्सी बंद हाय, साहेब," म्हनून जो त्यो एजंट आमच्याच मोटारीत चढायचा.

सांगलीत साहेब तणतणत मंडळाला जाब इचाराया घाटावर आला. एजंट वळीनं बसलं. तात्या जागं हुतं!

"रसूलभाईची पाटी कुनाकडं हाय?" तात्यानं इचारलं.

"माझ्याकडे."

"मग त्याच्या जागी एजंट तुमी. चूल पेटल्याली हाय, ही माझ्या घरची साखर घ्या. करा चहा!"

साहेबानं चहा केला. धुरानं डोळं लाल, कपाळावर घाम. पयला कप रसूलभाईला दिला. समदं बघाया लागलं. रसूलभाईनं सावकाश, शेवटच्या घोटापतोर पिला.

"पयल्यांदा बिघडतो, साहेब," त्यो हळूच म्हनला. "पर म्या कुनाची पाटी काढत न्हाई."

नदीवरनं वारा आला. साहेबानं आपला कप तोंडाला लावला, तसाच खाली ठिवला. चुलीशेजारची पाटी उचलून रसूलभाईच्या मांडीवर ठिवली.

"गूळ आहे का?"