आडोशाला लावलेलं झाकण

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच – खोटं वागलो ते तिच्याच देखत.

जेसल पार्कात आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट, त्याला लागून उघडी गच्ची. काशीमीऱ्याचं एक हॉटेल मोडीत निघालं, तेव्हा तिथला गरम पाण्याचा टब मी स्वस्तात उचलून आणला. आत हीटर, पाणी चोवीस तास गरम. हौस माझी. उपयोग मात्र झाला वहिनींना. माझ्या वारलेल्या भावाच्या या पत्नी, आमच्याकडेच राहतात. गुडघे पार गेलेले. सकाळी वीसेक मिनिटं पाण्यात बसायच्या आणि मग भाजीला चालत जाऊन यायच्या. "भावोजी, आज रिक्षा नाही केली हं!" – हे सांगताना चेहरा असा व्हायचा, की काय सांगू.

मग विजेचं बिल आलं. नेहमीच्या दुपटीहून जास्त.

मी काय केलं? जेवणाच्या टेबलावर, मुलांसमोर, तो कागद वहिनींच्या ताटाशी ठेवला. "पाणी काय फुकट तापतं, वहिनी? किती वेळ बसायचं माणसानं?" त्यांनी भात तेवढा संपवला. दुसऱ्या दिवसापासून टबाकडे फिरकल्या नाहीत.

इथवर निव्वळ उर्मटपणा होता. खरी गोष्ट पुढेच आहे.

चार दिवसांनी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं आधी हीटर पाहिला, मग कठड्याकडे. टबाचं जाड फोमचं झाकण मी तिथे उभं करून ठेवलं होतं – समोरच्या बिल्डिंगमधून माझं पोट दिसू नये म्हणून. तो हसला. "साहब, ये ढक्कन है, दीवार नहीं. रातभर हवा गरम कर रहे हो आप." उघड्या पाण्यातून ऊब उडून जात होती, जवळच्या खाडीवरचा वारा ती नेत होता, आणि हीटर रात्रभर पुन्हा पुन्हा सुरू होत होता. वहिनींची वीस मिनिटं? त्यांनी काय फरक पडणार होता?

तो गेल्यावर मी झाकण गुपचूप टबावर घातलं. घरात कुणीच नव्हतं.

पुढचं बिल उतरलं. बायको म्हणाली, "बघा, वहिनी बसायच्या थांबल्या आणि कसं झटक्यात कमी झालं!" वहिनी तिथेच शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई. माझ्यापायी उगाच तुम्हाला भुर्दंड."

आणि मी – मी "हो" म्हणालो. एवढंच. एक अक्षर. कशाला म्हणालो? माझं पोट, माझा आडोसा, त्या माणसाचं ते हसणं – हे सांगायची लाज वाटली? की चूक दुसऱ्याच्या माथी बसलीच आहे, तर असू दे, असं वाटलं? दोन्ही असेल.

याला चार वर्षं झाली. मी रविवारी अजून टबात बसतो. वहिनी आता जिना उतरत नाहीत. खोलीतून उठताना पंखा बंद करतात, संध्याकाळी दिवा न लावता बसून राहतात. मुलं हसतात – "काकू, लाइट लावा की!" त्या म्हणतात, "राहू दे रे, बिल येतं." मी ऐकतो आणि पेपर उलटतो.

ते बिल तुमच्यामुळे आलं नव्हतं, वहिनी – हे वाक्य मी त्यांचं देणं लागतो. सगळ्यांसमोर, त्याच टेबलावर. अजून दिलेलं नाही.