उजव्या हातात न बसणारी आकडी

आई गेल्यावर नंदनवन वस्तीतल्या घरातली तिची पेटी मीच उघडली. लुगड्यांखाली चिंधीत गुंडाळलेली वीतभर पितळी पट्टी निघाली. टोकाला बारीक आकडी. नाव नाही, छाप नाही. घरचा माग मी शाळेत जायच्या आधीच विकला गेला होता, आणि विचारायला बाबाही उरले नव्हते.

विणकरांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते मी. पण ही पट्टी कशाची, सांगता येईना. कोणी म्हणालं, पानाला चुना लावायची असेल. शेवटी सदर भागातल्या आमच्या संघटनेच्या प्रदर्शनात मांडली आणि खाली चिठ्ठी ठेवली : ‘माझ्या विणकर वडिलांचं हत्यार. उपयोग माहीत नाही.’

आमच्या जुन्या गल्लीतली मावशी आली. जन्म मागावर गेलेली बाई. चिठ्ठी वाचून भडकलीच.

“बापाचं काहून लिहिलं वं? मागाच्या फणीत धागे भरायची आकडी होय हे. बाप इकडून धागा दे, माय तिकडून फणीच्या फटीतून ओढे. एकेक धागा, डोये फुटेस्तोवर.”

“पण आईचीच कशावरून?”

“धर हातात. आकडी खाली कर.”

उजव्या हातात धरली. पितळ झिजून अंगठ्याएवढा खळगा पडला होता, पण माझ्या अंगठ्याच्या उलट बाजूला.

“आता डाव्या हातात घे.”

अंगठा बरोब्बर बसला.

“डावरी होती तुझी माय. जेवण वाढताना डावा हात पुढे आला का सासू पळी हाणे. फणीपाशी मात्र कोनी काही म्हनत नोतं. पत्रकं वाटत गावभर फिरतं, अन् मायचा हात माहीत नाही तुले?”

नव्हता माहीत. माग गेला आणि तो हातही गेला.

विणकरांच्या यादीत बायकांना धरत नाहीत, यावर पत्रक मीच काढलं होतं. त्याच मागणीच्या अर्जावर आईची सही घेतली, तेव्हा अक्षरं वेडीवाकडी आली. मी खेकसले, “नीट कर ना वं आई, तिसरी प्रत आहे ही!” उजव्याच हातानं, जीभ दातांत धरून, तिनं पुन्हा सही केली.

जुनी चिठ्ठी फाडली. नवी डाव्या हातानं लिहायला घेतली : ‘आईची आकडी. फणी भरायची.’ अक्षरं वाकडी आली, तिच्या सहीसारखी.

मावशी म्हणाली, “नीट लिही ना.”

मी तशीच ठेवली.