गुणाजींचं ऊन

गुणाजींनी वागळे इस्टेटीत बत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. ठिणग्यांशी खेळणारा माणूस, पण घशातून नळी घालणार म्हटल्यावर घाबरला. ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टर मेघनांनी श्वासनळीत दुर्बीण घालून निळा प्रकाश टाकला. सगळीकडे हिरवं दिसत असताना एकच डाग तांबूस दिसला. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. हृदय अशक्त, म्हणून ऑपरेशन नको. आधी इंजेक्शन, दोन दिवसांनी त्याच वाटेने लाल प्रकाश. औषध भिनलेल्या पेशी त्या प्रकाशाने मरतात म्हणे.

औषध कातडीतही उतरतं, म्हणून महिनाभर ऊन वर्ज्य. इंजेक्शनपासून छत्तिसाव्या दिवशी सकाळी एकुलत्या एका लेकीचं, संचिताचं लग्न. गुणाजींनी बोटं मोजली आणि निर्धास्त झाले.

रंगूबाई पडल्या वेल्डरची बायको. नवऱ्याच्या डोळ्यांना वेल्डिंगच्या आर्कचा झगझगाट लागला की बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या, खोलीत अंधार करून निजवायचं, हे त्यांना पाठ. त्यांनी आंबिवलीच्या घराला काळे पडदे लावले, बल्बही काढले. स्वतः चाचपडत भाकऱ्या थापल्या. एवढी माया, आणि तिथेच घोळ झाला.

तिसाव्या दिवशी, औषध उतरलं का ते पाहायला, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गुणाजींनी हात भोक पाडलेल्या कागदी पिशवीत घातला आणि भोकातून रुपयाएवढी कातडी दहा मिनिटं उन्हात धरली. दुसऱ्या दिवशी तिथे लालभडक चट्टा. अंधार पडल्यावर दोघं इस्पितळात गेले.

तपासून मेघना म्हणाल्या, "आतला डाग गेलाय. पण औषध कातडीत तसंच आहे. घरात दिवे लावत होतात ना? त्या उजेडानेच ते ओसरतं."

"बल्ब काढलेले," गुणाजी पुटपुटले.

"कोणी?"

रंगूबाईंनी मान खाली घातली.

"मीच," गुणाजी म्हणाले.

आणखी दोन आठवडे ऊन बंद. मुलीकडच्यांनी मुहूर्त बदला म्हणायचं कोणत्या तोंडाने? "पंढरी करेल कन्यादान," घरी आल्यावर गुणाजी धाकट्या भावाचं नाव घेऊन म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

व्याह्यांपुढे कधी तोंड न उघडणाऱ्या रंगूबाईंनी फोन लावला. "चूक माझी झाली, मीच बल्ब काढलेले. ह्यांना अजून ऊन चालत नाही. दिवस मावळल्यावर लग्न लावता का?"

व्याही म्हणाले, "विहीणबाई, पोरीचा बाप नसताना अक्षता कशा टाकायच्या? संध्याकाळचाच मुहूर्त काढायला सांगतो."

कॅन्सर कळला तेव्हा गुणाजींनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र ते बायकोचा हात धरून ढसाढसा रडले.