कपाटातला पाय

चोपड्याजवळच्या केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये शिल्पाला घेतलं ते तिच्या डाव्या पायासाठी. गुडघ्याखाली तो नव्हताच. अपंगाला नोकरी दिली की सरकार मालकाला अनुदान देतं, हे मालक नाना कुठूनसं ऐकून आले होते. शिल्पा मात्र जळगावात तीन महिने प्रशिक्षण घेऊन आली होती. तिथे तिला कृत्रिम पाय मिळाला, आणि त्यावर उभं राहून फण्या कापायला, धुवायला, खोक्यात भरायला ती शिकली. तिच्या हाताची बरोबरी कुणाला जमेना.

अनुदानाच्या तपासणीला सरकारी साहेब आले. कामावरच्या बायांवरून नजर फिरवत म्हणाले, "यात अपंग कोण?"

नानांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून शिल्पाने दारातच पाय काढून द्यायचा आणि नानांनी तो कपाटात कुलपात ठेवायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे नानांनी ठरवलं. "साहेब काय सांगून येणार आहेत का?"

ती एका हाताने भिंत धरून काम करू लागली. फण्या निसटायच्या, केळी काळी पडायची. बाया आधी हळहळल्या, मग वैतागल्या.

महिन्याभराने साहेब खरंच न सांगता आले. या वेळी काही विचारावं लागलं नाही. त्यांनी अनुदान मंजूर केलं आणि शिल्पाच्या नावापुढे शेरा मारला : काम जमत नाही, पुन्हा प्रशिक्षणाला पाठवावे.

"नाना, मना पाय द्या," शिल्पा म्हणाली. "जळगावले जानं शे."

नानांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली.

"पाय लावून गेलीस तर तिथे घेतील का तुला?"