कौसाआत्याचं पांढरं कव्हर

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शिडीवर होतो. जिल्हा नवा होऊन बरेच दिवस झाले, तरी फलक काही संपत नव्हते. एका शाळेच्या फलकावरचं 'उस्मानाबाद' खरवडून तिथं 'लातूर' लिहीत होतो. रेणापूरच्या एस.टी.चा कंडक्टर खालून म्हणाला, "मधू, तुझी आत्या सकाळी गेली. कावीळ उतरलीच न्हाई." मी शेवटचा 'र' पुरा केला आणि मग उतरलो. असं का केलं, अजून कळत नाही... हात चालू होता, एवढंच.

कौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि फोडता फोडता गायची. गाणी तिची स्वतःची, जात्यावर जुळवलेली, जयंतीच्या मिरवणुकीत वाढवलेली. अक्षरओळख नव्हती, त्यामुळे सगळा साठा गळ्यात. वस्तीतल्या पोरांनी ठरवलं, आत्याची कॅसेट काढायची. लातुरात गोलाईच्या बाजारात एका दुकानदाराकडे कॅसेटी भरून द्यायचं मशीन होतं. त्यानं मागच्या खोलीत पंखा बंद करून तिला बसवलं आणि ती पदरानं घाम पुसत तासभर गायली.

कव्हर माझ्याकडे आलं. मी औरंगाबादेत दोन वर्षं चित्रकला शिकून आलो होतो आणि गावात आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी खात्री होती. तेव्हा कॅसेटीवर गायकाचा चेहरा, पेटी, गुलाब आणि मागं धबधबा असायचा. मला त्याची शिसारी. फलकाला पांढऱ्या रंगाचा हात मारून झाला आणि त्यावर अजून अक्षर पडलं नाही, की तो मला सगळ्यात देखणा वाटायचा. तसंच कव्हर केलं. सगळं पांढरं, आणि खाली कोपऱ्यात करड्या रंगात, अगदी बारीक, 'कौसाबाई'. छापून आलेलं पहिलं कव्हर एका कोऱ्या कॅसेटीला घालून तिला दाखवायला नेलं.

तिनं ते उलटून पालटून पाहिलं. "माझा फोटू टाक की रे. लोकांना कळू दे कोण बाई हाय."

"चेहरा नको, आत्या. गाणं ऐकायचं असतं, बघायचं नाही."

"रिकामं दिसून राहिलंय..." ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून हसली. "राहू दे. तू शिकलाला हाईस. ही मात्र मी देत न्हाई, माझी पहिली हाय." तिनं ती बुद्धाच्या मूर्तीशेजारी फळीवर ठेवली. घरात टेपरेकॉर्डर नव्हता.

भरलेल्या सगळ्या कॅसेटी अहमदपूरच्या स्टँडजवळ एका दुकानात ठेवल्या. महिन्याभरात निरोप आला, सगळ्या खपल्या. मी पळत जाऊन आत्याला सांगितलं. त्यानंतर प्रत्येक भेटीत तिचा एकच प्रश्न असे, "लोकं ऐकून राहिले का रे?"

"हाव, आत्या."

पुढं एका फलकाच्या कामाला अहमदपूरला गेलो, तेव्हा त्या दुकानात डोकावलो. दुकानदार खूश होता. "तुमच्या कोऱ्या कॅसेटी लई झ्याक निघाल्या. अजून धाडा की." त्यानं त्या कोऱ्या कॅसेटींच्या रांगेत लावून विकल्या होत्या. शेजारच्या हॉटेलात टेपवर सिनेमाची गाणी चालू होती आणि टेपवर माझं पांढरं कव्हर पडलं होतं, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं, 'हिंदी मिक्स'. लातूरला परतलो तर गोलाईतल्या दुकानदारानं मूळ कॅसेटही पुसून वापरली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात आत्याचा गळा रिकामा झाला. मला लाज वाटली आणि लाजेपोटी मी तिला काहीच सांगितलं नाही.

शेवटी भेटलो तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आवाज फुटत नव्हता. "गळा गेला तर जाऊ दे," ती म्हणाली. "कॅशिटीत हाय की." मी पुन्हा "हाव" म्हणालो.

आत्याला आदरांजली वाहायला पुण्यानुमोदनाला वस्ती जमली. हार घालायला आत्याचा फोटो कुठंच सापडला नाही. तेव्हा आत्याच्या सुनेनं फळीवरची कॅसेट खाली घेतली आणि पाटावर फोटोच्या जागी ते पांढरं कव्हर उभं केलं. मी लातूरहून उसना टेपरेकॉर्डर आणला होता. निदान ही एक कॅसेट उरली आहे, हिच्यावरून पुन्हा शंभर भरू, एवढीच आशा धरून आलो होतो. बाया पदर सावरून बसल्या. मी बटण दाबलं.

नुसती खरखर येत राहिली. तेव्हा आठवलं, ही मी नमुन्याला आणलेली कोरी. आत्यानं दोन वर्षं जपली ती हीच... दुसरी बाजू लावली. तिथंही तेच.

मागून एक म्हातारी म्हणाली, "मधू, आवाज वाढव की रे बाबा. कौसा ऐकू येईना."

मी वाढवला.